दोघांनी उचलायची पेटी: घडीच्या हार्मोनियमचा चार महिन्यांचा अनुभव

येत्या जून महिन्यात माझे यजमान आणि मी वर्षभराच्या सेवेसाठी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुक्यात जाणार आहोत. तेथील एका ख्रिस्ती वसतिगृहात साठ मुलेमुली राहतात. त्यांच्या औषधपाण्याच्या नोंदी आणि वसतिगृहाचा हिशेब यजमानांकडे असेल, मराठीचा अभ्यास आणि संध्याकाळची उपासना माझ्याकडे. त्यांचे वय ६७ आहे, माझे ६२. ते मिरजेत प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून काम करून निवृत्त झाले आणि मी सांगलीतील एका शाळेत मराठी शिकवून. आमच्या चर्चच्या मंडळीने गेल्या नोव्हेंबरात आम्हा दोघांची नावे नक्की केली, त्यानंतर वसतिगृहाच्या अधीक्षकांचे पत्र आले. मानधन नाही, राहण्यास एक खोली आणि मुलांबरोबरचे जेवण मिळेल, दोघांच्याही वैद्यकीय तपासणीचे कागद सोबत असावेत, एवढे लिहून झाल्यावर त्यांनी शेवटी एक ओळ लिहिली होती: पावसाळ्यात रिक्षा शेवटच्या चढावर येत नाही, तेव्हा दोघांना मिळून उचलता येईल एवढेच सामान आणावे. तेव्हापासून आमच्या तयारीतील प्रत्येक वस्तू आम्ही या एका ओळीवर पारखून घेतली आहे. त्यातील सर्वांत महाग आणि सर्वांत जड वस्तूविषयी, म्हणजे सूटकेससारख्या बंद होणाऱ्या घडीच्या पेटीविषयी, मी येथे लिहीत आहे.

अशी पेटी घेण्यापूर्वी मी बरीच माहिती वाचली. ती बहुतेक बैठकीत वाजवणाऱ्या तरुण वादकांनी लिहिलेली होती आणि तिच्यात सुरांच्या गोडीची चर्चा भरपूर होती. परंतु ज्याचा खांदा आखडतो त्याने भाता किती वेळ ओढावा, अंगठ्याचा सांधा दुखत असेल तर कड्या उघडता येतात का, पती-पत्नींच्या उंचीत फरक असेल तर ओझे कोणाकडे सरकते, याविषयी कोठेही काही सापडले नाही. आमच्यासारखी सेवेला निघणारी किंवा वानप्रस्थात गावोगावी भजनाला जाणारी जोडपी पुष्कळ आहेत. त्यांना उपयोग व्हावा एवढ्यासाठी सर्व तपशील मोकळेपणाने देते.

आमच्याकडे पूर्वी सासऱ्यांच्या हातची एक साधी पेटी होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा मारुती चौकाजवळच्या आमच्या भाड्याच्या घरात पाणी शिरले आणि ती पेटी चार दिवस पाण्याखाली राहिली. सरसाने जोडलेल्या फळ्या सुटल्या, भात्याच्या कागदाचा लगदा झाला, पट्ट्यांखालच्या स्प्रिंगा गंजून मोडल्या. पितळेचे सूर, म्हणजे हवेने थरथरून स्वर देणाऱ्या जिभांच्या पट्ट्या, तेवढ्या धुऊन पुसून मी एका डब्यात ठेवल्या, त्या अजून आहेत. ओल पेटीचे काय करते हे मी त्या वेळी पाहिले असल्यामुळे, सांगलीपेक्षा कितीतरी अधिक पाऊस पडणाऱ्या नवापूरला पेटी न्यावी की नाही, याचा आम्ही बरेच दिवस विचार केला. मोबाइलवर साथ लावून मुलांना गाणी शिकवता येतील, असे काहींनी सुचवले. पण मुलाचा स्वर चुकला तर मोबाइल थांबत नाही, आणि गाणे शिकवताना वारंवार थांबणे, एकच ओळ पुन्हा धरणे, लहान मुलासाठी पट्टी बदलणे हेच तर खरे काम असते. म्हणून पेटी न्यायची असे ठरले.

पहिली खरेदी फसली, हे आधी सांगितले पाहिजे. डिसेंबरात एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आम्ही घडीची पेटी मागवली. वर्णनात वजन दहा किलो लिहिले होते, घरी आल्यावर ते १४ किलो २०० ग्रॅम भरले. सुरांकडे हवा सोडणाऱ्या खुंट्या उघडून भाता भरला आणि एकही पट्टी दाबली नाही, तरी पाच-सहा सेकंदांत हवा निघून जात असे. दोन पट्ट्या सोडल्यानंतरही बोलत राहत. पेटी उघडताना वर येणारा पट्ट्यांचा पाट जागेवर पक्का बसत नव्हता, त्यामुळे जोरात वाजवताना तो हातांखाली हलत असे. पेटी परत पाठवण्याचा खर्च आम्हालाच सोसावा लागला आणि पैसे परत मिळण्यास तीन आठवडे गेले. पैशांहून अधिक वाईट वाटले ते वेळ गेल्याचे, कारण निघण्याचा महिना ठरलेला होता आणि नव्या वाद्याला हात बसण्यास महिने लागतात. पेटी वाजवून, उचलून आणि उघडून पाहिल्याशिवाय विकत घेऊ नये, हे माझे मत त्या वेळी झाले आणि ते आजही कायम आहे.

त्यानंतर आम्ही मिरजेला गेलो. मिरजेचे नाव तंतुवाद्यांसाठी मोठे आहे. तेथील सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब विसावले असल्यामुळे उरुसाच्या दिवसांत देशभरातील गायक-वादक तेथे हजेरी लावतात. सतारमेकरांच्या त्या गल्लीत पेट्यांची दुरुस्ती करणारे आणि मागणीप्रमाणे पेटी बांधून देणारे कारागीरही आहेत. ज्यांच्याकडे आम्ही गेलो ते वयाने आमच्याएवढेच आहेत. त्यांनी किंमत सांगण्यापूर्वी आणि लाकूड दाखवण्यापूर्वी विचारले, ‘बाई, वाजवणार कोण आणि उचलणार कोण?’ वाजवणार मी आणि उचलणार दोघे, असे सांगितल्यावर त्यांनी दुकानातील एक तयार पेटी आम्हा दोघांना दुकानापासून गल्लीच्या तोंडापर्यंत आणि परत अशी वाहून आणायला लावली. आम्ही परत आलो तोपर्यंत कोणत्या गोष्टी वगळायच्या हे त्यांच्या मनात ठरलेले होते.

त्यांनी सर्वांत आधी कपलर वगळला. एक पट्टी दाबली असता वरच्या सप्तकातील तीच पट्टी आपोआप दाबणारी ही यंत्रणा भजनाला भारदस्तपणा देते, परंतु तिच्या तारा आणि कड्या प्रवासात वाकतात, तिचे वजन होते आणि ती दुरुस्त करणे घरच्या माणसाला जमत नाही. गाण्याची पट्टी बदलण्याची सरकती सोय म्हणजे स्केल चेंजरही त्याच कारणाने वगळला. पट्ट्या ३९ ऐवजी ३७ घेतल्या, म्हणजे नेमकी तीन सप्तके. सुरांच्या तीन ओळींऐवजी खर्ज (खालच्या स्वरांची) आणि नर (त्यावरच्या स्वरांची) या दोनच ओळी ठेवल्या, म्हणजे एकूण ७४ सूर. सूर पालिताण्याचे आहेत आणि ते जुळवून बसवण्याचे काम मिरजेत झाले. पेटी, तिची जाड कापडी पिशवी आणि आतील सुटे भाग मिळून वजन ११ किलो भरले. घरातील धान्याच्या काट्यावर मी ते स्वतः दोनदा पाहिले. बंद पेटीची लांबी २२ इंच, रुंदी १२ इंच आणि उंची १० इंच आहे आणि रेल्वेच्या खालच्या बाकाखाली ती आडवी सरकते. किंमत २३,००० रुपये पडली. पाच हजार आगाऊ दिले होते आणि काम तीन आठवड्यांत, जानेवारीच्या अखेरीस, पूर्ण झाले.

हवेची परीक्षा मी दुकानातच घेतली. भाता पूर्ण भरून, खुंट्या उघड्या ठेवून, एकही पट्टी न दाबता घड्याळ लावले तेव्हा हवा वीस सेकंदांहून अधिक काळ टिकली. नंतर प्रत्येक पट्टी अगदी मंद हवेवर एकेक करून वाजवली. जोरात वाजवल्यावर सगळे सूर बोलतात, मंद हवेवर मात्र अडखळणारा सूर लगेच ओळखू येतो. असे तीन सूर सापडले आणि कारागिरांनी ते माझ्यासमोर उतरवून, घासून, पुन्हा बसवून दिले. खरेदीला गेलेल्या कोणीही एवढा अर्धा तास काढावा आणि तो काढताना संकोच करू नये. चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही, उलट पुढचे बोलणे अधिक मोकळे होते.

आता भात्याविषयी लिहिते, कारण या पेटीचा खरा गुण आणि खरा दोष दोन्ही तेथेच आहेत. घडीच्या पेटीचा भाता साध्या पेटीच्या भात्यापेक्षा लहान असतो. त्यात हवा कमी मावते आणि म्हणून तो अधिक वेळा हलवावा लागतो. माझा डावा खांदा तीन वर्षांपासून आखडतो. पहिल्या आठवड्यात पाच कडव्यांचे एक गीत पूर्ण होईपर्यंत खांदा भरून येई आणि शेवटच्या कडव्यात सूर बारीक होई. पेटी परत करावी, असे माझ्या मनात दोनदा येऊन गेले. एका संध्याकाळी यजमान समोर बसले होते, त्यांनी न सांगता हात पुढे करून भाता धरला आणि माझा डावा हात मोकळा झाला. भाता पेटीच्या मागच्या अंगाला असतो, तेव्हा समोर बसलेल्या माणसाला तो सहज हाताळता येतो. ही गोष्ट मला इतकी वर्षे ठाऊक असूनही सुचली नव्हती.

अर्थात ते लगेच जमले नाही. यजमान सुरुवातीला तालावर भाता मारत, त्यामुळे प्रत्येक मात्रेवर सूर फुगे आणि शब्द त्याखाली बुडत. त्यांना स्वरलेखन वाचता येत नाही, पण गीतांचे शब्द मात्र सगळे पाठ आहेत. म्हणून मी त्यांना सांगितले की, हाताकडे किंवा माझ्या बोटांकडे पाहू नका, गीत मनात म्हणत राहा आणि गाताना जेथे श्वास घ्याल त्याच्या थोडे आधी भाता भरा. या युक्तीने दोन आठवड्यांत फरक पडला आणि महिन्याभरात हवा एकसारखी येऊ लागली. माझे दोन्ही हात मोकळे झाल्यामुळे जुन्या पाश्चात्त्य चालींवरची गीते मला आता चारही आवाजांसह वाजवता येतात. मंडळीत लहानपणी मी पायपेटीवर जे शिकले होते, ते चाळीस वर्षांनी पुन्हा हाताला आले. ज्यांना एकट्याने वाजवायचे आहे आणि ज्यांच्या खांद्याची तक्रार आहे, त्यांना मात्र ही पेटी घेऊ नका असेच मी सांगेन. त्यांनी मोठ्या भात्याची साधी पेटी घ्यावी आणि ती उचलण्यास माणूस शोधावा.

उचलण्याविषयी आमची समजूत चुकीची होती. ११ किलो म्हणजे प्रत्येकी साडेपाच, असा सरळ हिशेब आम्ही केला होता. प्रत्यक्षात यजमान माझ्यापेक्षा जवळजवळ एक वीत उंच आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या मुठी धरून चालू लागल्यावर पेटी माझ्या बाजूला कलते आणि ओझे माझ्याच हातावर येते. पायऱ्या चढताना ठेंगणा माणूस पुढे आणि उंच माणूस मागे असे चालावे लागते, उतरताना त्याच्या उलट. एसटीच्या अरुंद पायऱ्यांवर दोघांनी एकदम चढणे शक्यच नसते. एकाने आत चढून घ्यावी आणि दुसऱ्याने खालून द्यावी, हाच मार्ग आहे. फेब्रुवारीत आम्ही मुद्दाम पेटी घेऊन एसटीने साताऱ्याला गेलो, तेव्हा हे सगळे शिकलो. परत आल्यावर खाटेला वापरतात तशी रुंद नवार आणून एका पिशव्या शिवणाऱ्याकडून दोन पट्टे शिवून घेतले. माझा पट्टा आखूड आणि यजमानांचा लांब ठेवल्यामुळे पेटी आता सपाट राहते आणि बोटांऐवजी खांद्यावर पेलली जाते. मी अर्थात उजव्या खांद्यावर घेते. पेटीबरोबर आलेल्या कातडी मुठी दिसायला सुंदर आहेत, पण शंभर पावलांनंतर त्या तळहाताला काचतात.

साताऱ्याच्या त्या फेरीत एका कुटुंबाच्या घरी उपासना होती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आयुष्याची अखेरची वर्षे साताऱ्यात काढली, म्हणून यजमानांच्या आग्रहावरून आम्ही टिळकांच्याच भजनांनी सुरुवात केली. अभंगाच्या वळणाच्या या चालींना पेटी फार बोलकी लागत नाही, शब्द पुढे आणि सूर मागे राहावा लागतो. दोन ओळींच्या या पेटीत नराची एकच ओळ उघडी ठेवली तर हे साधते, आणि सगळी मंडळी गाऊ लागली की खर्ज उघडता येतो. चाळीस माणसांच्या खोलीत आवाज पुरेसा वाटला. पुढे एप्रिलमध्ये मिरजेजवळच्या एका गावात उघड्या अंगणात दोनशे लोकांसमोर वाजवली, तेव्हा मागच्या रांगांपर्यंत ती पोहोचली नाही. तेवढी अपेक्षा या आकाराच्या वाद्याकडून करूही नये. वसतिगृहातील साठ मुले ओसरीवर बसतील, तेथे ती पुरेल.

स्वरांविषयी एक अडचण आहे, ती ध्यानात घ्यावी. यजमान काळी एकमध्ये गातात, माझी पट्टी काळी चार आणि लहान मुलांना आणखी वर सोयीचे पडते. स्केल चेंजर नसल्यामुळे प्रत्येक गीत दोन-तीन पट्ट्यांतून बोटांवर बसवावे लागते. मी पन्नास गीते निवडली आहेत आणि त्यांपैकी छत्तीस आजवर अशी बसली आहेत. याशिवाय आमच्या मंडळीतील जुनी पेटी आजच्या प्रमाण सुरापेक्षा थोडी उतरलेली असल्याने दोन्ही पेट्या एकत्र वाजवता येत नाहीत, हे पहिल्याच रविवारी कळले. जेथे जायचे तेथे आधीच एखादे वाद्य असेल, तर त्याचा सूर फोनवर ऐकून घ्यावा आणि पेटी बांधतानाच कारागिराला सांगावे.

मला अजूनही खटकणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पेटी उघडताना बाजूच्या कड्या सोडून पाट वर ओढावा लागतो आणि तो जागेवर बसताना टक् असा आवाज येतो. त्या कड्या फार घट्ट होत्या. थंडीत माझा अंगठा दुखतो, त्या दिवसांत मला त्या एकटीने उघडताच येत नव्हत्या, आणि एकदा बोट चिमटून रक्त आले. कारागिरांनी एका कडीचा कोन बदलून दिला, दुसरी तशीच आहे. यजमानांना पेटी उघडण्यास पाऊण मिनिट लागते, मला दीड. दुसरी गोष्ट उंचीची आहे. पेटी जमिनीवर बसून वाजवण्याच्या बेताने बांधलेली आहे, आणि यजमानांना गुडघ्यांमुळे मांडी घालता येत नाही. आम्ही ती शाळेच्या बाकावर ठेवून, दोन्ही बाजूंना खुर्च्या मांडून वाजवतो. बाकावर ती घसरू नये म्हणून तळाला रबराची चार बुटे बसवून घेतली. घडीच्या पेटीचे हे सगळे बारीकसारीक बदल खरेदीच्या वेळीच करून घ्यावेत, कारण नंतर प्रत्येक बदलासाठी मिरजेची वेगळी फेरी होते.

आम्ही या व्यवहारात सर्वांत समाधानी आहोत ते कारागिरांनी दिलेल्या शिक्षणामुळे. नवापूरला पेटी बिघडली तर काय, हा प्रश्न मी विचारला तेव्हा त्यांनी यजमानांना दोन सकाळी दुकानात बसवून घेतले. ज्यांनी चाळीस वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या हाताळल्या, त्यांना हे काम मनापासून आवडले आणि घरी येऊन त्यांनी ते वहीत आकृत्यांसह लिहून काढले. एखादी पट्टी मुकी झाली तर बहुधा सुराच्या जिभेखाली कण अडकलेला असतो. साध्या पातळ कागदाची पट्टी जिभेखाली हलकेच सरकवून तो काढावा, ब्लेड किंवा सुई कधीही लावू नये, कारण पितळेवर उमटलेला बारीकसा ओरखडाही स्वर बदलतो. पट्टी सोडल्यावरही सूर बोलत राहिला तर स्प्रिंग जागेवरून सरकलेली असते किंवा पट्टीखालच्या कातड्याखाली काही आलेले असते. भात्याला बारीक भोक पडले तर आतून पातळ कातड्याचा तुकडा चिकटवावा. लागणारे स्क्रूड्रायव्हर, सहा स्प्रिंगा, कातड्याचे तुकडे आणि चिकटवण्याचे सामान पेटीच्याच आतील कप्प्यात बसते. पहिल्या दिवशी यजमानांनी चार सूर उतरवले आणि पुन्हा बसवताना दोघांची अदलाबदल केली. दुसऱ्या दिवशी एकही चूक झाली नाही. या दोन दिवसांचे वेगळे पैसे कारागिरांनी घेतले आणि ते घेतले हे मला योग्य वाटले, कारण त्या शिकवण्यात त्यांची कामाची दोन सकाळी गेली होती.

पावसाळ्यासाठी त्यांनी सांगितलेले नियम सोपे आहेत आणि ते कोणत्याही पेटीला लागू पडतात. पेटी भिंतीला टेकवून ठेवू नये, जमिनीवर ठेवू नये, ओल वाटली म्हणून उन्हात तर मुळीच ठेवू नये, कारण उन्हाने लाकूड तडकते आणि सांधे उघडतात. भाता नेहमी बंद करून ठेवावा. रोज दहा मिनिटे तरी वाजवावी, त्याने आतली हवा खेळती राहते. उंदीर कातडे आणि लोकर कुरतडतात, म्हणून पिशवीचे तोंड रात्री बांधावे. आम्ही पिशवीत ओल शोषणाऱ्या पुड्या आणि वाळवलेला कडुनिंब ठेवतो. पेटी नेहमी लोखंडी खाटेवर, छपराच्या गळतीपासून दूर ठेवायची, हे ठरवून आम्ही अधीक्षकांना खोलीतील कोणत्या कोपऱ्यात पाणी येत नाही ते पत्राने विचारून घेतले आहे.

परदेशी मिशनऱ्यांनी हे वाद्य आपल्याकडे आणले, हे सर्वश्रुत आहे. पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबें यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले, आणि पायाने भाता चालवायची ती अवजड पेटी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात हाताने वाजवण्याजोगी झाली. त्यानंतर ती कीर्तनात, नाटकात, भजनात अशी मिसळली की तिचे परकेपण कोणाला जाणवेनासे झाले. माझ्या सासूबाई मिरजेच्या मिशन दवाखान्यात परिचारिका होत्या. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या त्या दवाखान्यात दूरच्या देशांतून जोडपी येत आणि वर्षानुवर्षे राहत, हे त्या आम्हाला सांगत. आता सांगली-मिरजेकडची माणसे आपल्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला जात आहेत. म्हणून मिरजेत बांधलेली पेटी बरोबर नेण्याचा मला फार आनंद आहे.

ही पेटी वर्षअखेर परत आणायची नाही, हे आम्ही दोघांनी ठरवले आहे. वसतिगृहातील एक मुलगी थोडे वाजवते, असे अधीक्षकांनी कळवले आहे. वर्षभरात ती आणि आणखी एक-दोन मुले तयार झाली तर पेटी त्यांच्याकडे राहील, यजमानांची वहीही तेथेच राहील. म्हणून पेटीच्या पट्ट्यांवर मी स्वरांची नावे चिकटवलेली नाहीत, त्याऐवजी झाकणाच्या आतील बाजूस एक कागद लावला आहे. चिकटवलेली नावे पाहून शिकलेली मुले पुढे खाली पाहूनच वाजवतात, हे शाळेतील अनुभवावरून मला ठाऊक आहे.

एकूण खर्च सांगायचा तर पेटीचे २३,०००, नवारीचे पट्टे आणि रबराची बुटे मिळून ९५०, दुरुस्तीच्या शिकवणीचे १,२०० आणि सुट्या भागांचे ४०० रुपये, असे २५,५५० रुपये लागले. त्यांपैकी दहा हजार मंडळीतील महिला मंडळाने दिले. एवढ्या पैशांत तीन ओळींची, कपलर असलेली, मोठ्या आवाजाची साधी पेटी मिळाली असती आणि घरात वाजवण्यासाठी तीच अधिक चांगली ठरली असती. दोन वयस्कर माणसांनी एसटी, रेल्वे आणि चिखलाचा चढ पार करून न्यायची असेल, तर मी पुन्हा हीच घेईन, याच कारागिरांकडून बांधून घेईन आणि दोन्ही कड्यांचा कोन पहिल्याच दिवशी बदलून मागेन.

येत्या रविवारी मंडळीत आमच्या पाठवणीची उपासना आहे आणि तिच्यातील तीन गीते आम्ही या पेटीवर वाजवणार आहोत. भाता चालवणारा माणूस पेटीच्या समोर बसतो, त्यामुळे पेटी नेहमीसारखी मंडळीकडे तोंड करून ठेवली तर यजमानांची पाठ सर्वांकडे होते. काल संध्याकाळी रिकाम्या मंदिरात तीन-चार प्रकारे ठेवून पाहिली. पाळकसाहेबांनी पहिला बाक थोडा मागे सरकवून दिला आणि पेटी वेदीच्या डाव्या हाताला आडवी मांडली. तेथून आम्हा दोघांनाही मंडळी दिसते, आणि माझा दुखरा खांदा भिंतीकडे राहतो.